साडेचार इंचांचा पट आणि वलांडीवरचा मासा

माझ्या टेबलाच्या खणात २०१४ साली घेतलेला एक फोन आहे. पडदा साडेचार इंचांचा, रॅम १ जीबी, अँड्रॉइडची आवृत्ती ५.१ आणि पाठीवर बर्फाच्या पेटीवर आपटल्याची चीर. मी मुरुड-जंजिऱ्याच्या बाजूला एका मच्छीमार सहकारी संस्थेत हिशेब लिहितो. संस्थेच्या कामासाठी नवा फोन घेतल्यापासून या जुन्याकडे घरात कोणी ढुंकूनही पाहत नव्हते आणि भंगारवालाही त्याचे काही देईना. गेल्या वर्षी १ जूनला मासेमारीची बंदी सुरू झाली, होड्या वर ओढून त्यांवर ताडपत्र्या पडल्या, डिझेलच्या आणि बर्फाच्या नोंदी आटल्या आणि ३१ जुलैपर्यंतचे ६१ दिवस हाताला पुरेसे काम उरले नाही. त्या दिवसांत हा फोन पुन्हा बाहेर निघाला तो बुद्धिबळासाठी, आणि आज वर्ष उलटून गेले तरी तो खणात परत गेलेला नाही. हे परीक्षण त्या फोनाचे आणि त्यावर चालणाऱ्या ‘ड्रॉइडफिश’ या ॲपचे मिळून आहे, कारण या दोघांना वेगळे करून मला काही सांगता येणार नाही.

ड्रॉइडफिश हे पीटर ऑस्टरलुंड यांनी लिहिलेले मोफत ॲप आहे. त्याचा प्रोग्राम मुक्त परवान्याखाली कोणालाही पाहायला आणि बदलायला उपलब्ध आहे, आणि मुक्त सॉफ्टवेअर एकत्र ठेवणाऱ्या ‘एफ-ड्रॉइड’ या भांडारातही ते मिळते. त्यात जाहिरात नाही, खाते उघडावे लागत नाही, आणि एकदा फोनात उतरवले की खेळायला इंटरनेटची गरज राहत नाही. पावसाळ्यात आमच्याकडे वीज गेली की थोड्या वेळाने टॉवरही जातो, त्यामुळे शेवटची गोष्ट माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची ठरली. जुन्या फोनावरचे ॲपचे दुकान नीट उघडत नसल्याने मी माझ्या अँड्रॉइडला चालेल अशी फाइल नव्या फोनावर उतरवून घेतली आणि केबलने इकडे आणली. अशा वेळी ‘अनोळखी स्रोत’ ही परवानगी द्यावी लागते. ती काम झाल्यावर पुन्हा बंद करावी, आणि फाइल कुठल्याही आडवळणी संकेतस्थळावरून घेऊ नये.

नावाबद्दल थोडे विषयांतर करतो, कारण आमच्या गावात ते करणे भाग आहे. ड्रॉइडफिश हा खरे तर पट, सोंगट्या आणि घड्याळ पुरवणारा देह आहे. चाल शोधणारे डोके ‘स्टॉकफिश’ नावाच्या इंजिनाचे आहे. टॉर्ड रोमस्टाड या नॉर्वेच्या माणसाने लिहिलेल्या ‘ग्लाउरुंग’ या इंजिनावरून २००८ साली मार्को कोस्टाल्बा या इटालियन माणसाने स्टॉकफिश उभे केले, आणि ‘नॉर्वेत तयार झाला आणि इटलीत शिजला’ म्हणून त्याला हे नाव दिले. स्टॉकफिश म्हणजे नॉर्वेच्या किनाऱ्यावर लाकडी मांडवांवर टांगून, मीठ न लावता, नुसत्या थंड वाऱ्यावर वाळवलेला कॉड मासा. हे कळल्यावर मी पडवीतून समोर पाहिले. पावसाळ्यामुळे रिकाम्या पडलेल्या बांबूच्या वलांड्या तिथे उभ्या होत्या. त्यांवर दर वर्षी पाऊस सरल्यावर बोंबील टांगले जातात, तेही बहुधा मिठाशिवायच. शेजारच्या काकांना मी हा प्रकार समजावून सांगितला, तेव्हापासून आमच्याकडे या ॲपला ‘बोंबील’ म्हणतात. ‘आज बोंबलाने हरवले’ असे वाक्य आमच्या आळीत आता कोणाला खटकत नाही.

जुन्या फोनाबद्दल पहिली शंका कोणीही हीच घेईल की एवढ्या मंद यंत्रावर इंजिन कितीसे खेळणार. ही शंका मलाही होती, आणि ती संपूर्ण चुकीची निघाली. १९९७ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कमध्ये आयबीएमच्या ‘डीप ब्लू’ या संगणकाने तेव्हाच्या जगज्जेत्या गॅरी कास्पारोव्हला साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरवले, तेव्हा ते यंत्र दोन कपाटांएवढे होते आणि सेकंदाला पटावरच्या २० कोटी स्थिती तपासत होते. त्यानंतर अवघ्या बारा वर्षांनी, २००९ च्या ऑगस्टमध्ये, ब्युनोस आयर्समधल्या एका स्पर्धेत ‘पॉकेट फ्रिट्झ ४’ नावाचा प्रोग्राम एका साध्या एचटीसी फोनावर खेळला आणि दहा डावांत साडेनऊ गुण मिळवून पहिला आला. तो सेकंदाला २० हजारसुद्धा स्थिती तपासत नव्हता. म्हणजे डीप ब्लूपेक्षा दहा हजार पटीने कमी स्थिती पाहूनही तो ग्रँडमास्टरच्या तोडीचे खेळला. शक्ती वाढली ती यंत्रात नव्हे, कोणती फांदी पाहायची आणि कोणती न पाहताच सोडून द्यायची या निवडीत. होडी चालवणारा चांगला तांडेल सगळा समुद्र पालथा घालत नाही, तसेच हे आहे.

माझ्या फोनावर विश्लेषणाची ओळ उघडी ठेवली की इंजिन किती खोल गेले, स्थितीचे मोल प्याद्यांच्या हिशेबात किती आणि सेकंदाला किती स्थिती तपासल्या हे आकडे धावताना दिसतात. शेवटचा आकडा हजारांतच रेंगाळतो. लाखांच्या गोष्टी नव्या फोनांनी कराव्यात. याला एक कारण फोनाचा मंद प्रोसेसर हे आहेच, आणि दुसरे असे की २०२० च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या बाराव्या आवृत्तीपासून स्टॉकफिश स्थितीचे मोल ठरवायला एक लहानसे न्यूरल जाळे, म्हणजे असंख्य स्थितींवरून शिकवून तयार केलेली आकडेमोड, वापरते. ही युक्ती मुळात २०१८ साली यू नासू यांनी शोगी या जपानी खेळासाठी काढली होती. अशा जाळ्याला प्रत्येक स्थितीमागे अधिक आकडेमोड लागते, त्यामुळे जुन्या चिपवर वेग पडतो. पण वेग पडला तरी समोर बसलेल्याला त्याने फरक पडत नाही. तीन सेकंदांत शोधलेली त्याची चाल माझ्या अर्ध्या तासाच्या विचारापेक्षा चांगलीच असते. गाडी घेताना कळीचा ठरणारा वेग होडी नांगरून ठेवल्यावर विचारात घेण्यासारखा राहत नाही.

तरी दोन-तीन गोष्टी बदलल्याशिवाय या वयाच्या फोनावर खेळू नये. पहिली म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या वेळात विचार करत राहण्याची सोय, जिला ‘पाँडरिंग’ म्हणतात, ती बंद ठेवावी. ती चालू असेल तर तुम्ही चहा घ्यायला उठलात तरी फोन तुमच्या संभाव्य चालींवर खल करत बसतो आणि परत येईपर्यंत पाठ तापलेली असते. इंजिनाला एकच धागा (थ्रेड), म्हणजे एका वेळी एकच हिशेब, आणि १६ एमबी स्मृती दिली की पुरते. विश्लेषण पाहून झाले की बंद करावे, कारण ते थांबवेपर्यंत अविरत चालते. हे केल्यानंतर माझ्याकडे एका चार्जमध्ये चार-पाच निवांत डाव होतात. त्याआधी दोनही होत नसत.

आता फोनाच्या खोडीकडे येतो, कारण या वर्षातले माझे बरेचसे पराभव इंजिनाने नव्हे तर काचेने केले आहेत. पडद्याच्या उजव्या कडेला साधारण अर्धा सेंटीमीटर रुंदीची उभी पट्टी स्पर्शाला मेली आहे. साडेचार इंची पडद्यावर पटाचे एक घर जेमतेम सात मिलिमीटरचे येते, म्हणजे पांढरी सोंगटी घेऊन बसल्यावर सगळ्यात उजवीकडचा उभा रकाना, राजाच्या बाजूच्या हत्तीचा, जवळजवळ पूर्णपणे या पट्टीखाली जातो. सुरुवातीला मला याचे काही वाटले नाही. किल्लेकोट (कॅसलिंग) करताना राजाला दोन घरे सरकवले की पुरते, हत्तीला हात लावावा लागत नाही, त्यामुळे काम चालून जाते. अडचण कळली ती पंधराव्या-विसाव्या चालीनंतर. किल्लेकोट केलेल्या राजापुढे तीन प्यादी जशीच्या तशी उभी असतात, आणि त्यांतले हत्तीपुढचे प्यादे एक घर सरकवून राजाला खिडकी करून ठेवणे ही शहाण्या माणसाची सवय असते. ते प्यादे माझ्या बोटाला दाद देईना. मी ते हलवायचे सोडून दिले, आणि तीन आठवड्यांत चार वेळा मागच्या ओळीवर हत्ती येऊन मात झाली. चौथ्या वेळी मात समोर दिसत होती, उपाय ठाऊक होता, बोट काचेवर घासत होते आणि घड्याळ चालू होते.

फोन उलटा धरून पाहिला, तर सोंगट्याही डोक्यावर उभ्या राहिल्या. शेवटी मार्ग सापडला तो ॲपमध्येच. काळी बाजू घेतली की पट आपोआप फिरतो आणि मेलेल्या पट्टीखाली वजिराच्या बाजूच्या हत्तीचा रकाना येतो, जिथे माझे फारसे काम नसते. सुमारे महिनाभर मी फक्त काळ्या सोंगट्यांनी खेळलो. पहिली चाल नेहमी दुसऱ्याला द्यायची सवय लागली, आणि काळ्याने सुरुवातीला काय करावे याचा जो अभ्यास मी वीस वर्षे टाळला होता तो एका फुटक्या पट्टीमुळे झाला. पांढऱ्यानेच खेळायचे असेल तेव्हा पट मुद्दाम उलटा करून पांढरे वर घेतो. डोळ्यांना त्रास होतो, पण प्यादे हलते. काच बदलण्याचा खर्च विचारला होता, तो फोनाच्या आजच्या किमतीहून जास्त निघाला.

दमट हवेचाही एक वेगळा जाच आहे. जुलैत बोटे कधी पूर्ण कोरडी नसतात, आणि ओलसर बोटाने उचललेला घोडा शेजारच्या घरात पडणे ही नित्याची गोष्ट आहे. बाणाचे बटण दाबून चाल मागे घेता येते म्हणून निभावते. पण स्पर्धेच्या शिस्तीत वाढलेल्या माणसाला, हात लावली ती सोंगटी हलवलीच पाहिजे असे मानणाऱ्याला, हे मागे घेणे पहिले काही दिवस चोरीसारखे वाटते. मी स्वतःशी असा करार केला आहे की बोट घसरले तर मागे घ्यायचे, डोके घसरले तर नाही. करार नेहमी पाळला जातो असा दावा मी करणार नाही.

ॲपच्या दिसण्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. पट साधा, सोंगट्या स्पष्ट, घरांचे रंग बदलण्याची सोय, खाली चालींची नोंद. सारा भर कामावर आहे, आणि यादीतले पर्याय समजून घ्यायला एक संध्याकाळ द्यावी लागते, कारण ते बुद्धिबळ जाणणाऱ्यासाठी लिहिलेले आहेत, नवख्यासाठी नाहीत. चाली मोठ्याने बोलून दाखवण्याची सोयही आहे. काकांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, म्हणून मी ती हौसेने सुरू केली. फोन ‘नाइट एफ थ्री’ असे काहीसे म्हणाला. काकांनी फोनाकडे आणि मग माझ्याकडे पाहिले. ‘त्याला घोडा म्हणायला काय होते?’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. मराठीत चाली सांगण्याची सोय त्यात नाही, आणि कधी होईल तेव्हा होवो, तोवर चाली मीच सांगतो.

माझी खरी तक्रार आहे ती बळ कमी करण्याच्या सोयीबद्दल, आणि ती या एका ॲपपुरती नाही, बलाढ्य इंजिनाला मुद्दाम कच्चे खेळायला लावण्याच्या सगळ्याच प्रयत्नांबद्दल आहे. पूर्ण बळावरच्या स्टॉकफिशशी खेळण्यात माझ्यासारख्याला काही अर्थ नाही, म्हणून मर्यादा घालावी लागते. मर्यादा घातली की इंजिन मधूनमधून दुय्यम चाली निवडते. पण त्याचे चुकणे माणसासारखे नसते. आमच्या आळीतला मध्यम खेळाडू घोड्याचा दुहेरी मार पाहायला विसरतो, लोभाने कडेचे प्यादे खातो, वजीर लवकर बाहेर काढतो आणि त्याच्यामागे पळत राहतो. त्याच्या चुकांना स्वभाव असतो. त्या ओळखून त्याच्यासाठी सापळा रचता येतो. बळ कमी केलेले इंजिन मात्र दहा चाली निर्दोष खेळते, माझ्या प्रत्येक धमकीला आधीच उत्तर देऊन ठेवते आणि अकराव्या चालीला कारण नसताना उंट देऊन टाकते. त्या उंटाने जिंकलेल्या डावाचा आनंद घरी नेता येत नाही. मी यावर असा तोडगा काढला आहे की बळ थोडे चढे ठेवायचे, हरायची तयारी ठेवायची, आणि हरल्यावर तोच डाव विश्लेषणात उलगडून कुठल्या चालीला पारडे झुकले ते शोधायचे. यासाठी मात्र हे ॲप उत्तम आहे. डाव मागे नेता येतो, फाटा फोडून दुसरी चाल करून पाहता येते, आणि सगळा डाव फाट्यांसकट फाइलमध्ये जतन होतो.

शेवटच्या टप्प्यातल्या डावांसाठी या ॲपला एक जोड देता येते, आणि जुन्या फोनात मेमरी कार्डाची खाच असेल तर ती अवश्य द्यावी. पटावर दोन राजे धरून पाचच सोंगट्या उरल्या की पुढे काय होणार हे संगणकाने पूर्वीच संपूर्ण काढून ठेवलेले आहे. ‘सिझिजी’ नावाचे ते पाच सोंगट्यांपर्यंतचे तक्ते १ जीबीच्या आत मावतात. सहा सोंगट्यांचे मात्र दीडशे जीबीच्या घरात जातात, त्यांचा नाद इथे करू नये. हे तक्ते कार्डावर टाकून ॲपला दाखवले की त्या स्थितींत इंजिन अंदाज करत नाही, त्याला निकाल माहीत असतो. मी हत्ती आणि प्यादे विरुद्ध हत्ती ही एकच मांडणी घेऊन श्रावणातल्या कितीतरी संध्याकाळी घालवल्या. बचाव करणाऱ्याने आपला हत्ती तिसऱ्या आडव्या ओळीवर राखायचा आणि प्यादे पुढे सरकल्याबरोबर मागे जाऊन पाठीमागून शह देत राहायचे, ही अठराव्या शतकात फिलिडोरने दाखवलेली रीत मला वाचून माहीत होती. पण एक घर चुकले तर बरोबरीचा डाव हरलेला होतो हे या फोनाने बोट दाखवून शिकवले. हत्ती चुकीच्या घरात ठेवला की आकडा शून्यावरून थेट हरलेल्या डावाच्या आकड्यावर जातो, मध्ये काही नाही.

इंटरनेटवरच्या खेळाबद्दल थोडक्यात. एका मोठ्या ऑनलाइन बुद्धिबळ सेवेचे ॲप माझ्या अँड्रॉइडवर उतरतच नाही, आणि जुन्या ब्राउझरमधून अनेक संकेतस्थळे ‘जोडणी सुरक्षित नाही’ असे सांगून दार लावून घेतात. यात फोन बिघडलेला नसतो. संकेतस्थळाची ओळख पटवणाऱ्या दाखल्यांवर ज्या मूळ संस्थांची सही चालते त्यांची यादी फोनात कोरलेली असते, आणि अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या फोनांना असे दाखले मोफत देणाऱ्या ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या संस्थेचे नवे मूळ प्रमाणपत्र ओळखीचे नाही. जुन्या प्रमाणपत्राच्या आधाराने काढलेली पळवाट सप्टेंबर २०२४ अखेर संपली. स्वतःची यादी बाळगणारा ब्राउझर घेतला तर काही दारे उघडतात, पण मी त्या वाटेला गेलो नाही. गणपतीला बोरिवलीहून आलेला भाचा नव्या फोनावर एका मिनिटाचे डाव खेळत होता. मी पाहिले तेव्हा एका डावात त्याने साठ चाली केल्या आणि त्यांतल्या कुठल्याच चालीबद्दल त्याला नंतर काही सांगता येईना. मग मी त्याला पडवीत बसवून बोंबलाशी वेळेच्या बंधनाशिवाय एक डाव खेळायला लावला. तो हरला, पण चौदाव्या चालीला उंटाऐवजी घोडा पुढे न्यायला हवा होता हे त्याने जेवताना आपणहून सांगितले.

फोन जुना आहे म्हणून त्याची काळजी घ्यायला नको असे समजू नये. माझ्या फोनाची मूळ बॅटरी फुगून मागचे झाकण उचलले गेले होते, आणि ते लक्षात येईपर्यंत मी तो उशाशी ठेवून चार्ज करत होतो. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये, चार्ज तर मुळीच करू नये, ती काढून योग्य ठिकाणी द्यावी. मी तालुक्याबाहेरच्या एका दुकानात साडेचारशे रुपयांत दुसरी बसवून घेतली. तिच्यावर छापलेला आकडा आणि तिचे प्रत्यक्ष वागणे यांत बरेच अंतर आहे, पण फुगलेली नाही एवढे समाधान आहे. खाऱ्या हवेने चार्जरच्या खाचेत हिरवट थर चढतो, तो वीज बंद असताना कोरड्या मऊ ब्रशने काढावा. या फोनात मी सिम ठेवलेले नाही आणि बँकेचे ॲप तर नाहीच, कारण ज्याला वर्षानुवर्षे सुरक्षेची दुरुस्ती मिळालेली नाही त्या यंत्रात पैसा ठेवू नये. पट आणि सोंगट्या ठेवायला हरकत नाही.

आता काकांकडे येतो. काका चाळीस वर्षे तांडेल होते आणि बुद्धिबळ ते देशी पद्धतीने खेळतात. त्या पद्धतीत पहिल्या चालीला प्यादे दोन घरे जात नाही, किल्लेकोट नाही, आणि त्याच्या बदल्यात राजाला, शह बसलेला नसेल तर, डावात एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मिळते. काका राजाच्या बाजूच्या घोड्यापुढचे प्यादे एक घर सरकवतात आणि मोकळ्या झालेल्या घरात राजा उडवून बसवतात, की तो तिथून डावभर हलत नाही. आपल्याकडचे कितीतरी जुने खेळाडू याच नियमांवर तयार झाले. मीर सुलतान खानही देशी पद्धतीतच वाढला होता, आणि आंतरराष्ट्रीय नियम उशिरा शिकूनही त्याने १९२९, १९३२ आणि १९३३ साली ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले. ॲपला यातले काही माहीत नाही. काकांनी राजाला बोट लावून घोड्याच्या रिकाम्या घरापुढे टेकवले, की चाल नियमात बसत नाही असा संदेश येतो आणि राजा जागचा हलत नाही. पहिल्यांदा हे झाले तेव्हा काकांना वाटले की मेलेली पट्टी इथपर्यंत पसरली.

यावर मी काढलेला उपाय कोणाच्या उपयोगी पडला तर पडेल. ॲपमध्ये पट हाताने मांडण्याची सोय आहे. उडीची वेळ आली की मी तो पडदा उघडतो, राजा उचलून त्या घरात ठेवतो, पांढऱ्याचे किल्लेकोटाचे दोन्ही हक्क काढून टाकतो, पुढची चाल काळ्याची अशी खूण करतो आणि डाव पुढे चालू करतो. बोंबील काही कुरकुर न करता नव्या स्थितीवर विचार करू लागतो, आणि प्यादे दोन घरे टाकण्याबाबत काकांनी त्याला मोठ्या मनाने सूट दिलेली आहे. यात एकच गैरसोय आहे. हाताने मांडलेल्या स्थितीपासून ॲप नवा डाव धरते, त्यामुळे आधीच्या चालींची नोंद पुसली जाते. म्हणून उडीपर्यंतच्या चाली मी गेल्या वर्षीच्या डिझेलच्या वहीच्या मागल्या पानांवर लिहून ठेवतो. या बंदीच्या दिवसांत त्या वहीत काकांच्या राजाच्या अकरा उड्या नोंदल्या गेल्या. त्यांपैकी नवव्या डावातली उडी राजाला शह बसून गेल्यानंतर घेतलेली आहे असे माझे म्हणणे आहे, काका ते मानत नाहीत, आणि निकाल देता येईल असा फोनातला पुरावा पट मांडताना मीच पुसून टाकलेला आहे.